नाताळ नक्की सुरू कधी होतो?

शनिवार, ८ नोव्हेंबर

कमाल आहे! पिंपळे सौदागरच्या मॉलमध्ये नाताळचं झाड उभं राहिलंय. आठ नोव्हेंबरला! तुळशीचं लग्न लागून आठवडा झाला नाही. आमच्या समोरच्या बाल्कनीतला आकाशकंदील अजून उतरलेला नाही. घरात चकल्या शिल्लक आहेत, मऊ पडल्यात, पण आहेत. आणि इथे दोन मजली झाड, खाली कापसाचा बर्फ, शेजारी लाल डगल्यात घामाघूम झालेला सांता. लोक रांग लावून फोटो काढत होते.

मी समाधानला विचारलं, "एवढ्या लवकर का?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय? पँट बदलून घ्यायला आलोय, पँट बदल आणि चल." बारा वर्षं संसार झाला तरी नवऱ्याला कळत नाही की मला असं चल म्हटलं की जमत नाही. चाकणला क्वालिटीत काम करून करून खोड लागलीय. काही वेगळं दिसलं की कारण समजेपर्यंत चैन पडत नाही.

पँट बदलली. कारण समजलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

कंपनीतपण! कँटीनच्या दारात चार फुटी झाड, त्यावर चमकी. एचआरच्या रणजीतला गाठलं. आमच्याकडे माल रिजेक्ट झाला की 'व्हाय-व्हाय' करतात, म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं, मग मूळ दोष सापडतो. मी रणजीतवर तेच केलं.

झाड आत्ताच का? — फोटो काढायचेत. फोटो का? — जर्मनीच्या कस्टमरला पाठवायला. आत्ताच का पाठवायचे? — मागच्या वर्षी दुसऱ्या प्लांटने आपल्या आधी पाठवले. मग जर्मनीत आत्ता झाडं लागली का? — "नाही मॅडम, ते म्हणे अगदी शेवटी लावतात." मग आपण का?

"मॅडम, जेवून घ्या ना," म्हणाला आणि मोबाइल बघायला लागला. पाचव्या 'का'ला सगळ्यांचं हेच होतं. मशिन ऑपरेटरपासून मॅनेजरपर्यंत.

शनिवार, १५ नोव्हेंबर

माहेरी, आप्पांकडे पिंपरीला गेले. गुरुवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. घाबरलेत, पण दाखवत नाहीत. मला दोनदा विचारलं, "तू घाबरलीस का?"

येताना पिंपरी कॅम्पात शिरले, त्यांना गरम मोजे घ्यायला. दुकानदार उरलेले आकाशकंदील उतरवत होता आणि त्याच हुकाला कागदी चांदण्या अडकवत होता. तोच हुक! म्हटलं, "अहो, एवढी घाई?" तो म्हणाला, "ताई, हुक रिकामा ठेवून कसं चालेल?"

आत्तापर्यंतचं सगळ्यांत प्रामाणिक उत्तर.

आणि मी तरी कोण मोठी लागून गेले? आमच्या वस्तीत चौदा एप्रिलचे झेंडे मार्चअखेर लागायचे आणि मिरवणुका मेमध्येही चालू असायच्या! लहानपणी मला वाटायचं जयंती हा एक ऋतू आहे. हे आप्पांना फोनवर सांगितलं तर पोटभर हसले. म्हणाले, "आनंदाचं लवकर काय आन् उशिरा काय. दुःखाची तारीख तेवढी पाळावी मानसानं."

गुरुवार, २० नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. नीट झालं. शुद्धीवर आल्या आल्या आप्पांनी डॉक्टरांना विचारलं, "सायब, नवा गुडघा कंच्या कंपनीचा?" तीस वर्षं फिटर होते, दुसरं काय विचारणार!

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आप्पा रावेतला आमच्याकडे आले. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्यामुळे दोन महिने इथेच. चौथ्या मजल्यावरच्या शालनबाई रोज येऊन व्यायाम करून घेणार आहेत. महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या, नगरकडच्या. आमच्या सोसायटीतलं एकमेव ख्रिस्ती घर. एकट्याच असतात. आप्पांना दरडावतात आणि आप्पा चक्क ऐकतात.

आप्पांना आमची आतली खोली दिली. पलंगावर टेकल्यावर त्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बाबासाहेबांचा फोटो आहे. बघून हात जोडले. मग म्हणाले, "ह्यांना इथं का कोंडलंय गं?"

मी म्हटलं, "हॉलमध्ये टीव्ही आहे ना, जागा नाही."

"हां," म्हणाले.

हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे. पण ती काय, हल्ली सगळ्यांकडेच असते. सांस्कृतिक समितीच्या, समोरच्या विंगमधल्या तनुजा जाधवकडेही आहे, टीव्हीशेजारी, पाण्याच्या कारंज्यात बसवलेली. "पीसफुल वाटतं ना!" असं म्हणते ती. तिच्याकडे गेलं की मला आतून हसू येतं. तिला काय कल्पना!

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. तनुजाचाच. लाल-हिरव्या अक्षरांत.

"ख्रिसमस ट्री लाइटिंग! शनिवार ६ डिसेंबर, सायंकाळी ६. डीजे, सांता, केक. आपल्या शालन आँटींसाठी खास!"

सहा डिसेंबर.

मी फोन पालथा ठेवला. मग उचलून परत वाचलं, तारीख बदलली असेल म्हणून.

इथे राहायला आल्यापासून चार वर्षं या तारखेची मला अडचण आली नाही. कारण सहाला मी इथे नसतेच. आप्पा विहारातल्या मंडळींबरोबर बसने दादरला जातात, चैत्यभूमीवर. कोरोनाची वर्षं सोडली तर कधी चुकवलं नाही. मी पिंपरीला जाते, आमच्या जुन्या घरात मेणबत्ती लावते, गोडधोड नाही, गाणी नाही. सात तारखेला परत. सोसायटीत कुणी विचारलं तर "माहेरी गेले होते." खोटं नाही ना ते!

या वर्षी आप्पा दुसऱ्या मजल्यावर, लॉनच्या बरोबर वर, पाय लांब करून पडलेले असणार. आणि खाली डीजे. बाबासाहेब गेले त्या दिवशी.

सांगायला काय हरकत आहे? एक ओळ टाकायची ग्रुपवर. बोटं चालत नाहीत. लग्नानंतर पिंपळे सौदागरला भाड्याने फ्लॅट बघत होतो तेव्हा मालकाने किती आपुलकीने चहा दिला होता. मग विचारलं, "गायकवाड म्हणजे कुठले?" समाधानने सांगितलं. दुसऱ्या दिवशी फ्लॅट "कालच गेला होता." तेव्हापासून मी काही लपवत नाही. फक्त सांगत नाही. माझं नाव आम्रपाली आहे, ज्याला कळायचं त्याला कळतं. इथे तरी अजून कुणी काही बोललेलं नाही. "किती युनिक नाव!" हे मात्र तनुजा म्हणाली होती.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज जे पाहिलं ते लिहायलाच हवं.

शालनबाई आप्पांचा गुडघा वाकवत होत्या. मी सहज विचारलं, तुमच्याकडे नाताळची तयारी कधी सुरू होते? म्हणाल्या, "आज. वर ये, दाखवते."

मी गेले. मला वाटलं होतं, झाड, चांदणी, लाइट. काही नाही! कोपऱ्यातल्या स्टुलावर लाकडी गव्हाण, त्यात थोडं गवत. दोन-तीन मेंढ्या. एक गाय, तिचं शिंग मोडलेलं. आणि गव्हाण रिकामी. शेजारी चार मेणबत्त्या, त्यांतली एकच पेटलेली.

"बाळ कुठाय?"

"कपाटात, रुमालात. चोवीसच्या रात्री ठेवायचं. तोवर वाट बघायची." दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावतात. याला आगमनकाळ म्हणतात. त्यांची आई तर या चार आठवड्यांत मोठ्याने गाणीसुद्धा म्हणू द्यायची नाही म्हणे. नाताळ सुरू होतो चोवीसच्या रात्री आणि पुढे बारा दिवस चालतो. आपण काय करतो? ज्या दिवशी तो सुरू होतो त्या दिवशी संपवून थर्टी फर्स्टच्या मागे लागतो!

मग मी विचारलं, "आणि आपलं सोसायटीचं झाड?"

शालनबाई लाजल्यासारख्या हसल्या. "चार वर्षं तुम्ही सगळे एवढ्या हौसेनं करता. अध्यक्ष उद्धवराव मला स्टेजवर बोलावतात, गुच्छ देतात. मी चांगली साडी नेसून येते. तुम्हांला आवडतं म्हणून."

म्हणजे सोसायटी करते शालनबाईंसाठी. आणि शालनबाई येतात सोसायटीसाठी. आणि चार वर्षांत कुणी कुणाला विचारलंच नाही! मला एवढं हसू आलं की त्याही हसायला लागल्या. जिना उतरताना मात्र एक विचार डोक्यात आला आणि हसू थांबलं.

सोमवार, १ डिसेंबर

आप्पांनी कॅलेंडर मागितलं. सहा तारखेवर बोट ठेवलं. "औंदा हितनंच हात जोडायचे. एवढं शांत ठिकान हाय, बरं झालं."

मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. उद्या समितीची मीटिंग आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

जमलं!

क्लबहाउसमध्ये नऊ जण होते. अध्यक्ष उद्धवराव खुर्चीत. याच जमिनीवर त्यांचं हरभऱ्याचं रान होतं, आता दोन फ्लॅट आहेत. मी सरळ उभी राहिले आणि सांगून टाकलं, चार रविवार, रिकामी गव्हाण, चोवीसची रात्र, सगळं. म्हटलं, "आपण त्यांचा सण त्यांच्या आधीच उरकतोय." लोक कान देऊन ऐकत होते. मी बरी बोलते अशा वेळी. आणि मग शेवटी, वजन पडावं म्हणून, एक वाक्य जोडलं.

"शालनबाईंना याचं वाईट वाटतं. त्या बोलत नाहीत इतकंच."

उद्धवराव तोंडावर हात मारून म्हणाले, "आरारा! आमाला काय म्हाईत! त्यांचा सन हाय, त्या म्हनतील तवा करू. चोवीसला करा."

मला वाटलं तनुजा भांडेल. डीजे तिने ठरवला होता, सांताचा ड्रेस तिच्या घरी येऊन पडलाय. पण सगळ्यांत आधी तीच म्हणाली, "हो हो, चोवीसच. मी डीजेला फोन करते." आणि तिथल्या तिथे उठून बाहेर गेली. एवढ्या पटकन? मनाची मोठी आहे म्हणायची.

घरी आले. समाधान म्हणाला, "खरं कारण सांगितलंस?" मी म्हटलं, काम झालं ना!

बुधवार, ३ डिसेंबर

आप्पा वॉकर घेऊन दारापर्यंत चालले. शालनबाईंनी टाळ्या वाजवल्या.

गुरुवार, ४ डिसेंबर

सगळं बिघडलं.

सकाळपासून ग्रुपवर चालू आहे. चोवीसला आम्ही गोव्यात. चोवीसला आम्ही गावी. मुलांनी डान्स बसवलाय त्याचं काय? दुपारी एकाने लिहिलं, "एका घरासाठी एवढ्या मुलांचा हिरमोड! जास्तच होतंय." खाली अंगठे. मी कंपनीत, लाइनवर उभी राहून वाचत होते. तपासायचे पार्ट पुढे निघून गेले, माझ्या लक्षात नाही.

संध्याकाळी शालनबाई नेहमीच्या वेळेला आल्या. आप्पांचा पाय वाकवला, दहा वेळा, मोजून. चेहरा नेहमीसारखा. लिफ्टमध्ये कुणीतरी त्यांना ऐकवलंय, हे मला वॉचमनकडून कळलं होतं. "आँटी, आमच्या दिवाळीला आम्ही तुमचे नियम विचारत नाही," असं काहीसं.

जाताना दारात थांबल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "आम्रपाली, मला वाईट वाटतं, असं म्हटलं होतं का गं मी? आठवत नाही मला. वय झालं."

वय झालं! स्वतःवर घेतलं त्यांनी. मला "नाही" म्हणायचं होतं. मी म्हटलं, "चहा घेऊन जा ना." त्या नको म्हणून गेल्या.

आप्पांनी आतून सगळं ऐकलं. हाक मारली. मी पलंगाच्या कडेला बसले आणि सगळं सांगितलं. सहा तारीख, डीजे, मीटिंग, ते एक वाक्य. फ्लॅटच्या मालकाचा चहासुद्धा, जो मी त्यांना इतकी वर्षं सांगितला नव्हता. ते रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. खरंच नवल वाटल्यासारखं विचारलं, "म्हंजे दिवस आपला, आन् बोलनी त्या बाईनं खायची?"

मग म्हणाले, "का?"

मी पाचवा 'का' विचारणारी बाई. मला उत्तर देता येईना. मोबाइलसुद्धा बघता आला नाही. तो हॉलमध्ये होता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सुट्टी टाकली. सकाळी आधी वर गेले. शालनबाई भाजी निवडत होत्या. दारातच सांगितलं, तुम्ही म्हटलं नव्हतं, मी जोडलं. का जोडलं तेही सांगितलं. त्यांनी मेथीची काडी खाली ठेवली. "मला विचारलं असतंस तर मीच गेले असते उद्धवरावांकडे," म्हणाल्या. "तुझ्याबरोबर." मग डोळे पुसले आणि परत मेथी हातात घेतली. मी अर्धी जुडी निवडून दिली. माफ केलं का ते विचारलं नाही. आज तो हक्क माझा नाही.

अकरा वाजता ग्रुपवर टाकलं. इथे उतरवून ठेवते:

"शालनबाईंनी काहीही मागितलेलं नाही. सहा तारीख बदलावी असं मला वाटत होतं. आम्ही बौद्ध आहोत. सहा डिसेंबरला बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. आमच्या घरी या दिवशी दिवाळीसारखे लाइट लावत नाहीत, एक मेणबत्ती लावतात. माझे वडील आजारी आहेत, या वर्षी ते आमच्याकडेच आहेत. हे मी सरळ सांगायला हवं होतं. ते न सांगता मी शालनबाईंचं नाव पुढे केलं. त्यांची मी माफी मागितली आहे, तुमचीही मागते. यापुढे चोवीसला करायचं की सातला, ते तुम्ही ठरवा. — आम्रपाली गायकवाड, ए-२०३"

तीनदा वाचलं. समाधानला कंपनीत फोन केला. तो म्हणाला, "पाठव." पाठवलं.

दहा मिनिटं काहीच नाही. मग उद्धवरावांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला, मागे ट्रॅक्टर का काहीतरी चालू: "ताई, आवं आधी सांगायचं न्हाई का! आमी काय परकं हाय व्हय? उद्या काय वाजनार न्हाई खाली. कोन वाजवतो बघतो मी." मला रडू आलं. तीन-चार जणांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. एकाने लिहिलं, "ओके." गोव्याला जाणारे गप्प. बाकीचे शंभरएक लोक, त्यांनी वाचलं, एवढंच दिसतं.

तनुजाचं काही नाही. माझ्या मेसेजनंतर मिनिटभरात वाचलंय तिने. एक हात जोडायला काय जात होतं? चार वर्षं डबे दिले-घेतले. "युनिक नाव" आता कळलं असेल. लागलं मला. खोटं कशाला लिहू?

संध्याकाळी फोटो हॉलमध्ये आणला. टीव्हीच्या वर जागा होतीच. आप्पांनी खाली बसूनच सूचना दिल्या. "उजवीकडनं दोन सूत खाली." तीस वर्षं फिटर.

शनिवार, ६ डिसेंबर

सकाळी वंदना घेतली. आप्पांना पांढरा सदरा घातला.

सात वाजता बाल्कनीत मेणबत्ती लावली. खाली लॉनवर झाड उभं, न पेटलेलं, शांत. आप्पा वॉकर धरून कठड्याशी आले, आणि मी आत वळणार तेवढ्यात म्हणाले, "थांब. तिकडं बघ." समोरच्या बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक मेणबत्ती. मग पाचव्यावर एक. सी विंगच्या कोपऱ्यात एक. मला वाटत होतं, या सोसायटीत आम्ही एकटेच!

आप्पांनी मोजल्या. आमची धरून आठ. शेवटची उशिरा लागली.

"ती सातव्या मजल्यावरची कोन गं? बाबासायबांचा फोटू आनून ठेवलाय बघ कठड्यावर."

मी खालून मजले मोजले. परत मोजले. तनुजा.